ग्रीक बेटावर भाड्याची गाडी : तुमचे अनुभव लिहा

सप्टेंबरअखेर आईबाबांना घेऊन क्रीटला जातोय. हानियाला उतरून गाडी भाड्याने घ्यायचा विचार आहे. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे बसच्या मागे धावणं जमणार नाही. ज्यांनी तिथे स्वतः स्टिअरिंग धरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. दुसऱ्या बेटांचे अनुभवही चालतील.

ठाण्याहून
आधी आरटीओतून आयडीपी, म्हणजे परदेशात गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना, काढा. सरकारच्या 'सारथी' संकेतस्थळावर अर्ज करता येतो आणि परवाना वर्षभर चालतो. मूळ लायसन्सही जवळ ठेवा. नुसतं भारतीय लायसन्स दाखवून गाडी मिळालीच, तरी ती घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर बुक करा, तिथे बहुतेक गाड्या गिअरच्या असतात.

म्युनिकहून
क्रीटमध्ये आम्ही भरपूर फिरलो, म्हणून जरा लांबण लावतो. हानिया, रेथिम्नो आणि हेराक्लिओनला जोडणारा उत्तर किनाऱ्याचा हमरस्ता बराचसा दुभाजकाविना आहे. हळू चालणारी गाडी उजवीकडच्या पांढऱ्या रेषेबाहेर सरकते आणि मागचा निघून जातो, अशी तिथली रीत. मागून कोणी चिकटला तरी वळणावर सरकू नका. पुढे त्याच पट्टीवर बंद पडलेली गाडी किंवा सायकलवाला असू शकतो. मी सुरक्षित जागा दिसली की इंडिकेटर देऊन पूर्ण बाजूला थांबायचो. समोरच्याने दिवे चमकवले तर 'मी येतोय, तू थांब' असं समजा. जर्मनीत नेमकं उलट असतं, तुम्हाला मात्र ते महाराष्ट्रातल्यासारखंच वाटेल.

डोंगर ओलांडून दक्षिणेला खोरा स्फाकियोनकडे उतरताना हेअरपिन वळणं एकामागून एक येतात. रस्त्यात शेळ्या, सुटलेले दगड. कडेला खांबावर इवलीशी देवळं दिसतील. कुठे कोणी गेलं म्हणून, कुठे कोणी वाचलं म्हणून उभारलेली. ती दिसली की मी वेग उतरवायचो. उतारावर ब्रेक दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये चला. आणि नकाशा दीड तास सांगत असेल तर अडीच धरा, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

बालोसच्या किनाऱ्याचा कच्चा रस्ता टाळाच. 'फुल इन्शुरन्स' म्हटलं तरी कच्च्या रस्त्यावर झालेलं नुकसान, टायर आणि गाडीचा तळ त्यात बहुधा नसतात. करार वाचा. किसामोसहून बोट जाते, आईबाबांना तीच बरी.

पुण्याहून
आमचा अनुभव नाक्सोस बेटाचा. लहानात लहान गाडी घ्या, गावातल्या बोळांत तीच निभावते. आपिरांथोससारख्या गावात तर गाडी वेशीवरच लावून चालायचं. उन्हाळ्यात तिथे मेल्टेमी नावाचा जोराचा वारा सुटतो. तो मागून आला तर उघडलेलं दार हातातून हिसकावून बिजागरीतून वाकवतो, म्हणून गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा. उतरताना आईला सांगायचो, "थांब, दार मी उघडतो."

मडगावहून
सँटोरिनीला बरेच जण हौसेने क्वाडबाइक, म्हणजे चार चाकांची उघडी बाइक, घेतात. मी गोव्यात रोज स्कूटर चालवते, तरी स्पष्ट सांगते, घेऊ नका. फिरा आणि इया या गावांमधला रस्ता अरुंद, त्यात बसेस आणि भाड्याच्या गाड्यांची गर्दी. अंगावर कवच नाही, वळणावर तोल जातो आणि कितीतरी पर्यटक हेल्मेटशिवाय फिरतात. आम्ही केटेलच्या, म्हणजे तिथल्या सार्वजनिक, बसने गेलो आणि समुद्र नीट बघता आला.

लेस्टरहून
सप्टेंबरअखेर जाताय म्हणून एवढंच. उन्हाळाभर धूळ आणि तेल बसलेल्या डांबरावर पहिला पाऊस पडला की रस्ता साबणासारखा होतो. थेंब पडायला लागले की जवळच्या गावात थांबा, कॉफी घ्या, पाण्याने रस्ता धुऊन निघू द्या. ताब्यात घेतानाच गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, छप्पर आणि रिम्ससकट. डोंगरात शिरायच्या आधी टाकी भरा, खेड्यातले पंप रविवारी बंद असू शकतात. मदतीसाठी ११२.