शब्दचर्चा : ‘बंद करणे’ की ‘घटवणे’? पाऱ्याच्या करारातले शब्द

सुनंदा, राजारामपुरी: दवाखान्यांसाठी मिनामाता करारावर, म्हणजे पाऱ्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारावर, मराठी पत्रक करायचं आहे. करारातल्या ‘फेज आउट’ आणि ‘फेज डाउन’ या दोन्हींना बातम्यांत ‘टप्प्याटप्प्याने बंद’ असंच छापतात. दोन वेगळे शब्द हवेत का?

अजित, शाहूपुरी: हवेतच, सुनंदाताई. ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानच्या कुमामोतो इथं करार स्वीकारला गेला, तेव्हा पाऱ्याच्या थर्मामीटरला आणि बी.पी. मशीनला २०२० ही ‘आउट’ची मुदत मिळाली. दातांत भरायच्या अमाल्गमला (पाऱ्याच्या मिश्रधातूला) मात्र फक्त ‘डाउन’ लागलं. नऊ उपायांपैकी किमान दोन करा, एवढीच सक्ती. शेवटची तारीख नाही. ती ठरायला नोव्हेंबर २०२५ ची जिनिव्हाची बैठक उजाडली, आणि आता मुदत २०३४ आहे. दोन्हींना ‘बंद’ म्हटलं, तर मधल्या बारा वर्षांच्या वाटाघाटी कशासाठी होत्या हे वाचकाला कळणारच नाही. ‘आउट’ला ‘बंद करणे’ आणि पुढं वर्ष, ‘डाउन’ला ‘वापर घटवणे’ असं लिहा.

सुनंदा: मग दवाखान्यातलं जुनं पाऱ्याचं मशीन २०२० नंतर करारभंग ठरतं का?

मधुकर, उत्तरेश्वर पेठ: नाही. कलम ४ मध्ये उत्पादन, आयात आणि निर्यात हे तीन शब्द आहेत, ‘वापर’ नाही. शिवाय कलम ६ खाली देशाला पाच वर्षांची सूट मागता येते. म्हणून ‘पाऱ्यावर बंदी’ हा मथळा चुकीचा, आणि धोक्याचाही: बंदी म्हटली की लोक मशीन भंगारात घालतात. तापाच्या थर्मामीटरमध्ये साधारण १ ग्रॅमपर्यंत पारा असतो, बी.पी. मशीनमध्ये शंभरेक ग्रॅम. पत्रकात स्पष्ट लिहा: नवं घेऊ नका, जुनं फोडू नका, फेकू नका.

आणि ‘सांडलेला पारा झाडून घ्या’ असं चुकूनही लिहू नका. झाडूनं थेंब फुटून बारीक होतात, एकूण पृष्ठभाग वाढतो आणि वाफ जास्त होते. व्हॅक्यूम क्लीनर तर वाफ खोलीभर उडवतो. शब्द ‘गोळा करणे’ हवा. आधी माणसं बाहेर, खिडक्या उघड्या, पंखा बंद. मग जाड कार्डानं थेंब एकत्र ढकलायचे, ड्रॉपरनं ओढायचे, उरलेले कण चिकटपट्टीवर घ्यायचे. सगळं घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बरणीत, वर थोडं पाणी. बेसिनमध्ये काही ओतायचं नाही.

रेहाना, कसबा बावडा: दातांच्या बाबतीत आपला रोजचा शब्दच आड येतो. पेशंट ‘दातात चांदी भरली’ म्हणतात. त्या चांदीत वजनानं जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. अमाल्गमला ‘पारदसंमिश्र’ हा शब्द बरोबर आहे, पण खुर्चीवरच्या माणसाला कळत नाही. ‘चांदी-पाऱ्याचं मिश्रण’ लिहा. करार करणाऱ्या देशांच्या २०२२ च्या बैठकीत पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी ते टाळायचं ठरलं, तेही याच नावाखाली सांगा. उरलेला चुरा जाळायच्या पिशवीत जाऊ नये: तापला की पारा वाफ होऊन उडतो. त्याचा डबा वेगळा ठेवायचा.

अजित: आणखी एक जोडी, ‘सही’ आणि ‘अनुसमर्थन’. भारतानं सही केली ३० सप्टेंबर २०१४ ला, अनुसमर्थन १८ जून २०१८ ला. सहीनं इरादा कळतो, बंधन अनुसमर्थनानं येतं. करारही पन्नासाव्या अनुसमर्थनानंतर ९० दिवसांनी, १६ ऑगस्ट २०१७ ला लागू झाला.

सुनंदा: ‘अनुसमर्थन’ पत्रकात जड होईल.

मधुकर: मग ‘भारतानं २०१८ मध्ये हा करार स्वतःवर बंधनकारक करून घेतला’ असं सरळ वाक्य घाला. ‘मान्यता दिली’ नको, ती बातम्यांत सहीलाही म्हणतात.