प्रश्नावली मार्चमध्येच भरून घेऊ का?

मृण्मयी_ना: एम.ए. मानसशास्त्र, दुसरं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय आहे सुपरवायझरचं वागणं आणि कामगारांचे खाडे. अंबड एमआयडीसीतला एक कारखाना तयार आहे, पण मार्चमध्ये आणि एकाच दिवशी. सर म्हणतात, माणसं जास्त घे, चालून जाईल. खरंच चालेल?

आकडेबहाद्दर: संबंध सापडेल, कारण नाही. सुपरवायझर खेकसतो म्हणून खाडे होतात, की खाडे होतात म्हणून तो खेकसतो?

निवृत्त_कामगार_अधिकारी: त्यात मार्च! वर्षअखेरचं टार्गेट, रोज ओव्हरटाइम, सगळे वैतागलेले. तोच सुपरवायझर एप्रिलमध्ये स्वतःहून चहा पाजतो. मे महिन्यात लग्नं आणि गावची जत्रा, जूनमध्ये पेरणी. आमच्या भोसरीत तेव्हा मस्टर, म्हणजे हजेरीपट, बघवत नसे, आणि त्यात सुपरवायझरचा काडीचा संबंध नसे. युनियनचा करार कधी संपतोय तेही विचारून घ्या. बोलणी चालू असताना कामगार प्रश्नावलीत जे लिहितो ते व्यवस्थापनासाठी लिहितो, तुमच्यासाठी नाही.

आपल्या शेजारचंच उदाहरण देतो. १९५३ साली ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको कापड मिलमध्ये आले. ते लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे; कामाच्या जागी माणसं कशी वागतात याचा अभ्यास ही संस्था करते. २२४ स्वयंचलित मागांच्या खात्यात एकेकाला एकेक सुटं काम होतं. ते मोडून छोटे गट केले, गटाकडे ठरावीक माग दिले. उत्पादन वाढलं, खराब कापड घटलं. बहुतेक अभ्यास इथेच संपले असते. पण १९७० मध्ये त्याच संस्थेचे एरिक मिलर पुन्हा तिथे गेले. एका ठिकाणी गटपद्धत जवळपास तशीच टिकली होती, बाकी ठिकाणी बरीचशी विरून गेली होती. मग प्रयोग यशस्वी म्हणायचा की फसला? कुठल्या साली विचारता त्यावर आहे.

मृण्मयी_ना: काका, १७ वर्षं कुठून आणू? जूनमध्ये प्रबंध द्यायचाय.

निवृत्त_कामगार_अधिकारी: मस्टर मागा. मागच्या दोन वर्षांचे खाडे तिथे महिनावार लिहिलेले असतात. सुपरवायझर ज्या महिन्यात बदलला तो महिना शोधा, आणि आधीचा मे नंतरच्या मेशीच ताडून बघा.

आकडेबहाद्दर: हे भारी आहे. फक्त बदलानंतरचे पहिले काही आठवडे वेगळे काढ. नव्या माणसासमोर सगळेच शहाण्यासारखे वागतात.

निवृत्त_कामगार_अधिकारी: बरोबर. आणि मस्टरवरून नाव उडालेल्यांना विसरू नका. कंत्राटी पोरांना सात महिन्यांनी ब्रेक देतात, कंटाळलेले त्याआधीच जातात. आज हजर असलेल्यांनाच मोजलंत तर सुपरवायझर देवमाणूस ठरेल. सोडून गेलेल्यांचे शेवटच्या दोन महिन्यांतले खाडे वेगळ्या रकान्यात घ्या.

मृण्मयी_ना: उद्याच टाइम ऑफिसला फोन करते. सरांना काय सांगू ते मात्र सुचत नाहीये.

आकडेबहाद्दर: मस्टर हातात पडेपर्यंत काहीच सांगू नकोस.