डायलिसिसच्या तिसऱ्या तासाला बीपी पडतं, काय तपासावं?

ऐरोलीकर: बाबांचं हिमोडायलिसिस वाशीला आठवड्यातून तीनदा, चार-चार तास असतं. ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) ६० किलो, पण दर वेळी साडेतीन किलो वाढलेलं असतं. तिसऱ्या तासाला वरचं बीपी ९०वर येतं, पोटऱ्यांत गोळे येतात. डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) आहे.

नेफ्रो_टेक, ठाणे: साडेतीन लिटर चार तासांत म्हणजे ताशी ८७५ मिली, किलोमागे साडेचौदा. हा आकडा १३च्या आत हवा, म्हणजे त्यांना ताशी ७८० मिली. रक्तातलं पाणी झपाट्याने निघतं, शरीरातलं तेवढ्या वेगाने रक्तात येत नाही, म्हणून बीपी कोसळतं. वेळ अर्धा तास वाढवता येईल का, डायलिसेटचं (मशीनमधल्या रक्त शुद्ध करणाऱ्या द्रवाचं) तापमान थोडं कमी करता येईल का, हे विचारा. बीपीची सकाळची गोळी डायलिसिसनंतर घ्यायची का, हेही. मशीनवर असताना भरपेट जेवण नको. ड्राय वेटही पुन्हा तपासून घ्या. अंगावर मांस चढलं असेल तर ६० हा आकडा जुना झाला.

कोपरी_आहार: मूळ मिठात आहे. लोणचं, पापड, फरसाण चालू ठेवून पाणी मोजणं म्हणजे छळच, तहान लागणारच. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत. 'लो सोडियम' मीठ मात्र अजिबात नको, त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. त्याच कारणाने शहाळंही नको.

नेफ्रो_टेक, ठाणे: फिस्टुलावर रोज सकाळ-संध्याकाळ बोटं ठेवून थरथर बघा. बीपी पडल्यावर तिथे गुठळी होऊ शकते. थरथर थांबली तर त्याच दिवशी सर्जन गाठा.