लकवा झालेल्या वडिलांसाठी रोजची फिजिओथेरपी कुठं करावी? (केज परिसर)

काळीमाती, केज
नमस्कार मंडळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांना (वडील, वय ६६) उजव्या अंगाला लकवा मारला. लातूरला खाजगी दवाखान्यात अकरा दिवस ठेवलं. सुट्टी होऊन आज पाच आठवडे झाले. सोडताना कागदावर "फिजिओथेरपी चालू ठेवा" एवढंच लिहून दिलं. कुठं, किती दिवस, काही सांगितलं नाही.

सध्या धरून बसवलं तर बसतात. दोघांनी धरलं तर चार पावलं टाकतात, पण उजवा पाय फरपटतो, पंजा खाली लोंबतो. मूठ घट्ट वळलेली आहे. आई रोज कोमट पाण्यात हात धरून एक-एक बोट सोडवते तेव्हा तळव्यात नखं रुतलेली दिसतात. समजतं सगळं, बोलता येत नाही. एकच शब्द राहिलाय, "चल". पाणी पाहिजे तरी चल, राग आला तरी चल.

अंबाजोगाई, लातूर, बीड, संभाजीनगर, कुठंही ज्यांनी स्वतः उपचार घेतले त्यांनी अनुभव सांगा. महिन्याला ८ हजाराच्या वर जमणार नाही. लातूरला दीड लाख गेलेत आणि सोयाबीन अजून रानात उभं आहे. गाडी भाड्यानं केली तर एका फेरीचे दीड हजार मागतात.

गोदातीर, नांदेड
दादा, वेळ घालवू नका, सरळ पुण्याला न्या. माझ्या सासऱ्यांना आम्ही तिथल्या निवासी पुनर्वसन केंद्रात ४० दिवस ठेवलं होतं. दिवसाला साडेचार हजार, जेवण धरून. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास व्यायाम. चालायचं यंत्र, हाताचं यंत्र, बोलण्याचे डॉक्टर, सगळं एका छताखाली. नेलं तेव्हा व्हीलचेअरवर होते, आज स्वतः भाजी आणायला जातात. पैसा काय, माणूस उभा राहिला की परत मिळवता येतो.

डोंगरपट्टी, पाटोदा
गोदातीर, त्यांनी ८ हजार महिना लिहिलंय आणि तुम्ही दिवसाला साडेचार हजार सांगायलेत.

माझा अनुभव उलटा आहे. माझ्या मोठ्या भावाला जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी सेंटरला दोन महिने नेलं, नाव लिहीत नाही. रोजचे ३००. गेलं की हाताला-पायाला पट्ट्या लावायच्या, करंटचं मशीन चालू करायचं आणि तो पोरगा बाहेर मोबाईल बघत बसायचा. वीस मिनिटांनी पट्ट्या काढल्या की "उद्या या". एक दिवस कुणी उभं करून बघितलं नाही. पुढं कळलं की तो शिकलेला फिजिओ नव्हताच, आधी दुसऱ्या दवाखान्यात वॉर्डबॉय होता. आमचे सुरुवातीचे दोन महिने वाया गेले, त्याचं दुःख अजून जात नाही. कुठंही जा, पण पदवी आणि महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी आहे का ते आधी विचारा.

माउलीकृपा, सेलू
पुनर्वसन केंद्र शोधत असाल तर आमच्या तालुक्याजवळ चांगलं आहे. माझा चुलतभाऊ तिथं तीन महिने राहून आला, आता दारूला शिवत पण नाही. फक्त घरच्यांना पहिला महिना भेटू देत नाहीत, मन घट्ट करावं लागतं.

डोंगरपट्टी, पाटोदा
माउलीकृपा, ते व्यसनमुक्ती केंद्र झालं. यांच्या वडिलांना लकवा झालाय.

माउलीकृपा, सेलू
माफ करा, मथळा घाईत वाचला. पण ज्यांना लागेल त्यांनी विचारा, सांगतो.

योगेश्वरीनगरी, अंबाजोगाई
आमच्या गावात स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असताना तुम्ही लांब का जायलेत? माझ्या आईला २०२२ मध्ये डाव्या बाजूचा लकवा झाला होता. तिथल्या फिजिओथेरपी विभागात चार महिने नेलं. गर्दी असते, नंबर लावावा लागतो, सकाळी नऊच्या आत पोचलात तर बरं. यंत्रं जुनी आहेत. पण शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी मला समोर उभं करून सांगितलं, "मी अर्धा तास करून घेणार, उरलेला दिवस तुमचा." रोजचा व्यायाम माझ्याकडून करून दाखवून घ्यायच्या, चुकलं की परत. आई आज काठी घेऊन देवीला जाते. सगळे मिळून चार महिन्यांत आम्हाला पाच हजार पण लागले नाहीत, त्यातले निम्मे रिक्षाचे.

शिवारफेरी, वाशी
सरकारी दवाखान्यात आता केसपेपरला पण पैसे नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळं मोफत केलंय.

योगेश्वरीनगरी, अंबाजोगाई
ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांना. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. अंबाजोगाई हे वैद्यकीय महाविद्यालयाचं, दुसऱ्या खात्याचं. किरकोळ फी असते.

शिवारफेरी, वाशी
आमच्या धाराशिवला जिल्हा रुग्णालयात तेव्हा एक रुपया घेतला नाही. आणि दादा, एक विचारू का, तुम्ही दीड लाख भरलेच का? महात्मा फुले योजनेत आता ५ लाखांपर्यंत आहे.

काळीमाती, केज
शिवारफेरी दादा, सकाळी सहाला तोंड वाकडं झालेलं बघितलं आणि जी गाडी मिळाली तिच्यात घालून पळालो. समोर जो दवाखाना उघडा दिसला तिथं नेलं. तो योजनेत नव्हता. त्या वेळी कागद सुचले नाहीत. आता योजनेत फिजिओथेरपी होते का?

लालवस्ती, जालना
मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. योजना मुख्यतः भरती असताना उपयोगी पडते, रोजच्या ओपीडीतल्या व्यायामाला तिचा आधार धरू नका.

काळीमाती दादा, पहिले तीन महिने सगळ्यात मोलाचे असतात, सहा महिन्यांपर्यंत सुधारणा वेगानं होते. नंतरही होते, पण हळू. तुमचे सहा-सात आठवडे आत्ताच गेलेत. कुठल्या शहराचं सेंटर चांगलं या वादात आणखी दोन घालवू नका.

आजपासून घरी एवढं करा. उजवा हात धरून कधीही ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडतात, सांधा खाली सरकतो, मग आयुष्यभर दुखतो. उठवताना कमरेला धोतराचा किंवा जाड कापडाचा पट्टा बांधून त्याला धरा. बसले असताना हात उशीवर ठेवा, लोंबकळू देऊ नका. पंजा लोंबतो त्याला प्लास्टिकचा स्प्लिंट (पाय सरळ धरणारा आधार) मिळतो, एएफओ म्हणतात, मापानं करून घ्या, तयार घेऊ नका. मुठीसाठी रात्रीचा हाताचा स्प्लिंट. आणि खुर्चीवरून उठणं-बसणं, दिवसातून तीन-चार वेळा, दमेपर्यंत नाही पण मोजून. मशीनपेक्षा ही उठबस पाय परत आणते. पंधरा वर्षांत शेकडो लोकांना हेच सांगितलंय, ज्यांच्या घरच्यांनी केलं ते चालले.

गोदातीर, नांदेड
हे सगळं पुण्याला शिकवतातच. माझ्या सासऱ्यांचा स्प्लिंट पण तिथंच केला.

रानवारा, वसमत
आमच्या शेजारच्याला गोळ्या-व्यायाम काहीच लागू पडलं नाही. एका गावात लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतात, तीन रविवार जावं लागतं. वर कबुतराच्या रक्तानं चोळलं, तेव्हा हात हलला. ज्याला अनुभव आला त्यालाच कळतं.

लालवस्ती, जालना
रानवारा दादा, पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत पुष्कळांचा हात आपोआप थोडा हलायला लागतो, मेंदूची सूज उतरते म्हणून. त्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय जातं. चोळण्यानं नुकसान नाही असं समजून लोक रक्त पातळ करायची गोळी बंद करतात आणि दुसरा झटका येतो. असे पेशंट माझ्याकडं आलेत. हात जोडून सांगते, गोळ्या बंद करू नका.

रानवारा, वसमत
गोळी बंद करा असं मी म्हणलोच नाही. दोन्ही करा म्हणलो.

सासुरवाशीण, औसा
शेकाबद्दल सांगते, कुणी लिहिलं नाही म्हणून. आमच्या मामंजींना लकव्यानंतर सासूबाई वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून हाताला शेक द्यायच्या. प्रेमानंच करत होत्या. पण मामंजींना त्या हाताला गरम कळतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत फोड. जखम भरायला दीड महिना गेला, तोवर त्या हाताचा व्यायाम बंद, आणि हात तसाच आखडला. काळीमाती दादा, आई कोमट पाण्यात हात धरतात म्हणालात, पाणी आधी स्वतःच्या कोपराला लावून बघायला सांगा.

काळीमाती, केज
ताई, वाचल्या वाचल्या आईला सांगितलं. ती रोज आण्णांनाच विचारायची, "गरम आहे का?" आणि ते म्हणायचे "चल". आजपासून ती आधी स्वतः बघते.

लालवस्ती ताई, कमरेचा पट्टा केला. जुन्या धोतराची चौपदरी घडी घालून आईनं शिवला. दोन माणसं लागायची तिथं काल मी एकट्यानं उठवलं. घरी येणारे फिजिओ केजला एक आहेत, एका वेळचे ४०० म्हणतात. महिन्याचे बारा हजार होतात. आठवड्यातून तीनदा बोलावलं तर चालेल का?

डोंगरपट्टी, पाटोदा
नोंदणी विचारली का त्यांची?

काळीमाती, केज
विचारली. पदवी आहे, नोंदणी आहे, कागद दाखवला.

मांजराकाठ, लातूर
तीनदा बोलवा आणि बाकी दिवस घरच्यांनी करा, माझं तेच मत. मी इथल्या एमआयएमएसआर या खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या फिजिओथेरपीच्या ओपीडीत गुडघ्यासाठी जायचे. शिकाऊ मुलं-मुली असतात पण वेळ भरपूर देतात, सर मागं उभे असतात. केजहून लातूर मात्र रोज जमणार नाही. माझ्या गुडघ्याचं सांगायचं तर ऑपरेशन न करता पायऱ्या चढायला लागले, लोक विश्वास ठेवत नाहीत.

वय ६६ म्हणजे एसटीला अर्धं तिकीट आहे, आई बरोबर असतील तर महिला म्हणून त्यांचंही अर्धं. गाडी भाड्यानं कशाला?

शिवारफेरी, वाशी
एसटीच्या पायऱ्या लकव्याच्या माणसाला चढवून बघा एकदा.

मांजराकाठ, लातूर
बघितल्यात. कंडक्टर मदत करतात.

शिवारफेरी, वाशी
सगळेच करत नाहीत. अपंग प्रमाणपत्र काढलं की तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते, पण आमच्या काकांना सहा महिने झाल्यावर या म्हणून परत पाठवलं होतं. त्याचा आत्ता उपयोग नाही.

पांढरीटोपी, गंगाखेड
मी ३१ वर्षं परिचारिका होते, आता निवृत्त आहे. व्यायामाचं सगळ्यांनी लिहिलं, गिळण्याचं कुणी विचारलं नाही. आण्णांना पाणी पिताना ठसका लागतो का? जेवल्यावर आवाज ओला, घरघर येतो का? येत असेल तर पाणी श्वासनलिकेत जातंय आणि त्यातून न्यूमोनिया होतो. लकव्याचे माझ्या डोळ्यासमोर गेलेले कितीतरी पेशंट त्यानं गेले. पूर्ण ताठ बसवूनच भरवा, हनुवटी थोडी छातीकडं, छोटा घास, डाव्या गालाकडून. पातळ पाण्यापेक्षा घट्ट पेज, दाट आंबील सोपी जाते. भरवून झालं की अर्धा तास आडवं करू नका. ठसका चालूच असेल तर डॉक्टरांना दाखवा, लांबवू नका.

बोलण्याचं एक. शब्द गेलेल्या माणसाला कधी कधी गाणं येतं. भजन, आरती, एक-दोन-तीन आकडे, हे त्यांच्याबरोबर म्हणून बघा. आमच्या वॉर्डात एक महाराज होते, स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं आणि गजर अख्खा म्हणायचे. तिथून सुरुवात करतात. बोलण्याच्या उपचाराचे तज्ज्ञ मोठ्या रुग्णालयात मिळतात, संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

गोदातीर, नांदेड
म्हणून म्हणत होते, पुण्याला सगळं एका जागी मिळतं.

काळीमाती, केज
मावशी, ठसका लागतो. पाण्यानंच लागतो, भाकरी कालवून दिली तर नाही. आम्हाला वाटलं घाईनं पितात म्हणून. उद्याच दाखवतो.

काळीमाती, केज (१९ दिवसांनंतर)
मंडळी, उशिरा लिहितोय, सोयाबीनची काढणी होती.

तुम्ही सगळ्यांनी पोटतिडकीनं सांगितलं. पुणे झेपणार नव्हतं. घरी तीन दिवस फिजिओ हे मांजराकाठ ताईंचं मत होतं, ते आम्ही एक आठवडा केलं. पण घरी आण्णांना भेटायला माणसं येतात, दिवसभर खाटेभोवती गर्दी, रडतात, आण्णाही रडतात, व्यायाम राहून जातो. म्हणून अंबाजोगाईत सरकारी दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर तळमजल्याची एक खोली घेतली. २५०० भाडं, दोन महिन्यांचा करार. आई आणि आण्णा तिथंच आहेत. बायको मुलांना घेऊन गावात, रान दाजी बघतात, मी एक दिवसाआड जातो. पाहुण्यांना सांगितलं, दोन महिने कुणी येऊ नका. काहीजण रुसले.

रोज सकाळी ओपीडी, दुपारी आणि संध्याकाळी आई करून घेते. मॅडमनी आईला शिकवलं, आता ती मला चुका दाखवते. पायाचा स्प्लिंट मापानं केला, १८०० लागले. पंजा आता घासत नाही. ठसक्यासाठी डॉक्टरांनी तपासलं आणि पांढरीटोपी मावशींनी सांगितलं तसंच भरवायला सांगितलं. खोली, औषधं, जेवण धरून महिन्याला साडेसात हजारांत बसतंय.

मूठ अजून तशीच आहे. बोलण्यासाठी घाटीत लवकरच नेणार. रात्री आई "विठ्ठल विठ्ठल" लावते, आण्णा बरोबर म्हणतात, स्पष्ट. परवा मी सांगत होतो की बैल दाजींच्या गोठ्यात बांधलेत. आण्णा म्हणाले "चल". मग बराच वेळ माझ्याकडं बघत ओठ हलवत राहिले आणि "सर्ज्या" म्हणाले. सर्ज्या म्हणजे आमचा डावा बैल.

पांढरीटोपी, गंगाखेड
आईला माझा नमस्कार सांग बाळा. दुसऱ्या बैलाचं नाव रोज विचारत जा.

गोदातीर, नांदेड
छान झालं. तरी एकदा पुण्याला दाखवून घ्याच.

सासुरवाशीण, औसा
दादा, खोली कुणामार्फत मिळाली? माझ्या मावसभावाला कालच आयसीयूतून बाहेर आणलंय, डावी बाजू गेलीये, तो घाटनांदूरचा आहे. तळमजल्याची आणखी एक मिळेल का बघाल?