नागपुरात जुनं काय आहे?

'नागपुरात जुनं पाहण्यासारखं काहीच नाही' हे मत काही पटलं नाही, भाऊ. देवगडच्या (कोकणातलं नाही, छिंदवाड्याकडचं) गोंड राजा बख्त बुलंदनं 1702च्या सुमारास बारा खेडी जोडून हे शहर वसवलं; त्या खेड्यांना 'राजापूर बारसा' म्हणत. त्याच्या मुलानं, चांद सुलताननं, भोवती कोट बांधला. तो कोट गेला, पण महाल भागातला त्याचा जुम्मा दरवाजा उभा आहे न! आता त्याला गांधी गेट म्हणतात. मीच कितीदा त्याच्यासमोर हॉर्न वाजवत उभा राहिलो असेन, मान वर करून पाहिलं ते मागच्या महिन्यात. जुम्मा म्हणजे शुक्रवार. जवळचा शुक्रवारी तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, तोही चांद सुलतानच्याच काळातला. रविवारी सकाळी सहाला जा, गर्दी नसते. तर्रीपोहे नंतर खा.