ग्रुप पॉलिसी लावूनही शाखांमधील संगणकांचा स्क्रीन आपोआप लॉक होत नाही

शाखा_संगणक
नमस्कार. मी एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात काम करतो. मुख्य कार्यालय आणि सहा शाखा मिळून आमच्याकडे सुमारे ७० संगणक आहेत. बहुतेकांवर विंडोज ११ आहे आणि सर्व एकाच डोमेनमध्ये (मध्यवर्ती सर्व्हरवरून नियंत्रित होणाऱ्या जाळ्यात) आहेत. दहा मिनिटे वापर नसेल तर स्क्रीन लॉक झालाच पाहिजे, असा शेरा लेखापरीक्षकांनी दिल्यावर मी एक नवीन जीपीओ (ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट, म्हणजे अनेक खात्यांना किंवा संगणकांना एकत्र लागू होणारा सेटिंग्जचा संच) तयार केली. तिच्या 'युजर कॉन्फिगरेशन' विभागात स्क्रीनसेव्हर सुरू ठेवणे, त्याला पासवर्डचे संरक्षण देणे आणि टाइमआउट ६०० सेकंद ठेवणे या सेटिंग्ज भरल्या आणि ती मुख्य कार्यालयाच्या तसेच शाखांच्या ओयूला (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे डोमेनमधील खाती आणि संगणक ठेवण्याचा विभाग) जोडली.

मुख्य कार्यालयात सर्व सुरळीत आहे. शाखांमध्ये मात्र एकही संगणक लॉक होत नाही, आणि यालाही एक अपवाद आहे. मुख्य कार्यालयातील एक अधिकारी सध्या एका शाखेत प्रतिनियुक्तीवर आहेत. ते ज्या संगणकावर बसतात तो दहा मिनिटांत लॉक होतो, पण त्याच संगणकावर शाखेतील लिपिकाने लॉगिन केल्यास तो दिवसभर उघडाच राहतो.

मुख्य कार्यालयाच्या ओयूमध्ये तेथील कर्मचाऱ्यांची खाती आणि संगणक दोन्ही आहेत. शाखांच्या ओयूमध्ये फक्त संगणक आहेत आणि शाखा कर्मचाऱ्यांची खाती वेगळ्या ओयूमध्ये आहेत. या वेगळ्या ओयूवरही मी आधी एक प्रयत्न करून पाहिला होता. याच जीपीओची प्रत तिथे जोडली आणि चाचणी पाच जणांपुरती राहावी म्हणून सिक्युरिटी फिल्टरिंगमधून (जीपीओ कोणाला लागू व्हावी याची यादी) 'ऑथेंटिकेटेड युजर्स' (डोमेनमधील सर्व खाती, संगणकांचीही) काढून फक्त त्या पाच जणांचा गट ठेवला. ती कोणालाच लागू झाली नाही, म्हणून जोडणी काढून टाकली. 'जीपीअपडेट' (पॉलिसी ताज्या करून घेण्याची आज्ञा) फोर्ससह अनेकदा चालवून झाले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

डोमेन_रखवालदार
आपण ज्याला अपवाद म्हणत आहात, त्यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. एकाच संगणकावर एका व्यक्तीसाठी लॉक लागतो आणि दुसरीसाठी लागत नाही, याचा अर्थ सेटिंग संगणकाला नव्हे तर व्यक्तीच्या खात्याला चिकटलेली आहे.

'युजर कॉन्फिगरेशन'मधील सेटिंग लागू होण्यासाठी त्या जीपीओच्या कक्षेत वापरकर्त्याचे खाते असावे लागते. तो कोणत्या संगणकावर बसला आहे याला महत्त्व नसते. आपल्या शाखांच्या ओयूमध्ये खाती नसल्यामुळे तिथे जोडलेली जीपीओ संगणकांपर्यंत पोहोचते, पण तिच्यात संगणकासाठी काहीच लिहिलेले नसते. प्रतिनियुक्तीवरील अधिकाऱ्यांचे खाते मुख्य कार्यालयाच्या ओयूमध्ये असल्यामुळे ते जिथे जातील तिथे ही सेटिंग त्यांच्याबरोबर जाते.

यावर लूपबॅक प्रोसेसिंग हा एक मार्ग आहे. 'कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन'मध्ये ते 'मर्ज' पद्धतीने सुरू केल्यास संगणकाच्या ओयूला जोडलेल्या वापरकर्ता-सेटिंग्जही तिथे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला लागू होतात. तथापि, केवळ स्क्रीन लॉकसाठी मी लूपबॅक सुचवणार नाही, कारण त्या ओयूवरील इतर सर्व जीपीओंच्या वापरकर्ता-सेटिंग्जवरही त्याचा परिणाम होतो आणि दोन वर्षांनी एखादा प्रिंटर किंवा ड्राइव्ह कुठून आला हे शोधताना फार त्रास होतो.

आपली गरज संगणकाची आहे, म्हणून सेटिंगही संगणकाचीच ठेवावी. 'कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन'मधील सिक्युरिटी सेटिंग्ज, त्यातील लोकल पॉलिसीज आणि त्याखालील सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये 'इंटरॅक्टिव्ह लॉगऑन: मशीन इनअ‍ॅक्टिव्हिटी लिमिट' ही सेटिंग आहे. तिथे ६०० भरावे. हा आकडा सेकंदांत असतो. एका कार्यालयात मिनिटे समजून १० भरलेले मी पाहिले आहे आणि त्या सकाळी सर्वांचे काम ठप्प झाले होते. ० भरल्यास मर्यादाच राहत नाही.

ही सेटिंग रीस्टार्टनंतरच अमलात येते. संध्याकाळी संगणक बंद करून सकाळी चालू करणे याला रीस्टार्ट मानू नये. फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर बंद करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणून प्रत्येक शाखेला 'रीस्टार्ट' हाच पर्याय एकदा वापरण्यास सांगावे.

जुनी_पॉलिसी
वरील निदानाशी मी पूर्ण सहमत आहे. आपल्या पाच जणांच्या चाचणीबद्दल मात्र स्वतंत्रपणे लिहितो, कारण त्या अपयशावरून आपण चुकीचा निष्कर्ष काढलेला दिसतो. जीपीओ योग्य ओयूवरच जोडली होती. ती वाचण्याची परवानगी तेवढी उडाली होती.

जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस१६-०७२ हे सुरक्षा अद्यतन आणले. त्यापूर्वी वापरकर्त्यासाठीच्या जीपीओ वापरकर्त्याच्या ओळखीने सर्व्हरवरून वाचल्या जात असत. त्यानंतर त्या संगणकाच्या ओळखीने वाचल्या जाऊ लागल्या. जीपीओ वाटेत कोणी बदलू नये, हा त्यामागचा हेतू होता. परिणामी 'ऑथेंटिकेटेड युजर्स' काढून फक्त माणसांचा गट ठेवला, तर संगणकाला ती जीपीओ वाचताच येत नाही आणि ती कोणालाच लागू होत नाही. पाच जणांचा गट फिल्टरिंगमध्ये तसाच ठेवून डेलिगेशन टॅबवर 'ऑथेंटिकेटेड युजर्स' किंवा 'डोमेन कॉम्प्युटर्स' यांना केवळ 'रीड' परवानगी द्यावी, 'अप्लाय' देऊ नये.

यापुढे कोणताही बदल करण्याआधी त्या संगणकावर 'जीपीरिझल्ट'चा एचटीएमएल अहवाल काढावा आणि तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा, अन्यथा संगणकाचा भाग त्यात येत नाही. कोणती जीपीओ लागली, कोणती नाकारली गेली आणि कोणत्या कारणाने, हे त्यात दिसते. तो न वाचता वारंवार 'जीपीअपडेट' चालवण्याने काहीच कळत नाही.

शाखा_संगणक
दोघांचाही मनापासून आभारी आहे. संगणकाची सेटिंग शाखांच्या ओयूवर लावली आणि सर्वांना रीस्टार्ट करायला लावले. दर्शनी भागात व्याजदर आणि टोकन क्रमांक दाखवणारे संगणक लॉक होऊन चालणार नाही, म्हणून ते वेगळ्या ओयूमध्ये हलवले. त्यांचा कळफलक आता कुलुपात असतो.

शाखांमधील दोन संगणक मात्र अजूनही लॉक होत नाहीत. अहवालात जीपीओ लागू झालेली दिसते आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) या मर्यादेचे, म्हणजे 'इनअ‍ॅक्टिव्हिटीटाइमआउटसेक्स'चे मूल्य ६०० आहे. एक संगणक शाखाधिकाऱ्यांचा आहे, दुसरा कर्ज विभागातील आहे. आणखी एक अडचण अशी की रोखपाल तक्रार करत आहेत. रांग असताना नोटा मोजण्यात दहा मिनिटे जातात आणि मग पासवर्ड टाकेपर्यंत ग्राहक ताटकळतात. मर्यादा ३० मिनिटे करावी का?

डोमेन_रखवालदार
सेटिंग पोहोचली आहे आणि तरी लॉक होत नाही, तेव्हा संगणकाला स्वतः रिकामा आहे असे वाटतच नसावे. याची दोन कारणे मी सर्वाधिक पाहिली आहेत. एखादा प्रोग्रॅम स्क्रीन चालू ठेवण्याची विनंती करत राहतो; ब्राउझरमध्ये चालू राहिलेला व्हिडिओ हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून 'पॉवरसीएफजी' रिक्वेस्ट्स या पर्यायासह चालवल्यास 'डिस्प्ले' या शीर्षकाखाली त्या प्रोग्रॅमचे नाव दिसते. तिथे काही नसेल तर माऊसकडे पाहावे. आपल्याकडे टेबलावर काच टाकून तिच्याखाली दिनदर्शिका आणि फोन नंबरांची यादी ठेवण्याची पद्धत आहे, आणि ऑप्टिकल माऊस काचेवर कोणी हात न लावताही सूक्ष्मपणे हलत राहतो. प्रत्येक हालचालीला वेळ पुन्हा शून्यापासून मोजला जातो. माऊस काढून दहा मिनिटे थांबावे म्हणजे उलगडा होईल.

मर्यादा मात्र ३० मिनिटे करू नये. कार्ड व्यवहारांसाठीचे पीसीआय डीएसएस मानकसुद्धा १५ मिनिटांपेक्षा अधिक मोकळीक देत नाही. रोखपालाच्या लॉगिनमधून झालेल्या प्रत्येक नोंदीची जबाबदारी त्यांच्यावरच येते. ते तिजोरीकडे गेले असताना दुसऱ्याने त्यांच्या नावावर नोंद केली, तर ती आपली नव्हे हे त्यांना सिद्ध करता येणार नाही. हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे. उठताना विंडोज आणि एल या कळा एकत्र दाबण्याची सवय त्यांना लावावी, आणि पासवर्ड टंकणे जड जात असेल तर विंडोज हॅलोच्या पिनचा विचार करावा.

शाखा_संगणक
शाखाधिकाऱ्यांच्या टेबलावर खरोखरच काच होती. माऊसखाली साधा पॅड ठेवला आणि दहाव्या मिनिटाला स्क्रीन लॉक झाला. कर्ज विभागातील संगणकावर 'डिस्प्ले'खाली ब्राउझरचे नाव आले. एका टॅबमध्ये प्रशिक्षणाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालू होत होता. मर्यादा १० मिनिटेच ठेवली आहे. रोखपालांशी मी स्वतः बोललो. दोघांनी पिन लगेच सुरू करून घेतला.

लेखापरीक्षकांना आता लॉक होत असल्याचा पुरावा हवा आहे. फोटो काढून देणे मला पुरेसे वाटत नाही.

जुनी_पॉलिसी
ऑडिट पॉलिसीत लॉगऑन/लॉगऑफ गटातील 'अदर लॉगऑन/लॉगऑफ इव्हेंट्स' सुरू करावे. त्यानंतर सिक्युरिटी लॉगमध्ये संगणक लॉक झाल्याची नोंद ४८०० या क्रमांकाने आणि उघडल्याची ४८०१ या क्रमांकाने येते. या नोंदी प्रत्येक संगणकावर स्थानिक असतात आणि लॉगची मर्यादा भरली की जुन्या पुसल्या जातात. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, म्हणून इव्हेंट फॉरवर्डिंगने ते एका सर्व्हरवर गोळा करावेत. सुरुवात एका शाखेपासून करावी आणि पहिल्या आठवड्यात त्या सर्व्हरवर किती जागा लागते ते पाहूनच बाकीच्या शाखा जोडाव्यात.