व्हीलॅन वेगळी केली आणि टीव्ही-प्रिंटर फोनला दिसायचाच बंद झाला

पेठेतला_पोरगा
नमस्कार मंडळी, मंगळवार पेठेत घर आहे, खाली वडिलांचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आणि वर आम्ही. आधी सगळं एकाच वायफायवर होतं, पण गिऱ्हाईक येतंय आणि 'पासवर्ड सांगा की, पीडीएफ डाउनलोड करायची हाय' म्हणतंय, त्यात ते स्वस्तातले कॅमेरे, म्हणून ओपनडब्ल्यूआरटीवाला (सगळे नियम आपल्याला हवे तसे लिहिता येतात असं सॉफ्टवेअर असलेला) राउटर बसवून तीन व्हीलॅन केली, म्हणजे एकाच राउटरवर तीन वेगळी नेटवर्कं. १९२.१६८.१०.० वर घरचे फोन, लॅपटॉप आणि सिनेमांचा नॅस (नेटवर्कवर जोडलेला डिस्कचा डबा), १९२.१६८.२०.० वर टीव्ही, क्रोमकास्ट, कॅमेरे आणि प्रिंटर, आणि १९२.१६८.३०.० गिऱ्हाइकांना. आता झालंय काय, फोनवर कास्टचं चिन्हच येईना आणि प्रिंटर यादीत दिसंना. पण लॅपटॉपवरून प्रिंटरला पिंग व्यवस्थित जातंय आणि ब्राउझरला आयपी टाकला तर त्याचं सेटिंगचं पान पण उघडतंय! हे कसं काय? वडील म्हणतात आधीचं होतं तेच कर आणि मोकळा हो.

नववी_गल्ली
पिंग जातंय म्हणजे निम्मं काम झालंय भावा. पोचणं वेगळं आणि सापडणं वेगळं. फोन क्रोमकास्टला शोधतो एमडीएनएसनं, म्हणजे २२४.०.०.२५१ ह्या मल्टिकास्ट (एकदम सगळ्यांना हाक मारायच्या) पत्त्यावर, यूडीपी ५३५३ पोर्टला 'कास्टवालं कोण हाय काय' असं विचारतो. आता २२४.०.० नं सुरू होणारा हा अख्खा पट्टाच त्या-त्या सेगमेंटपुरता ठेवलेला आहे, राउटर तो पुढं पाठवतच नाही, फायरवॉल सताड उघडी टाकली तरी नाही. राजारामपुरीत हाक मारलेली लक्ष्मीपुरीत ऐकू येईल का, तसलं आहे ते.

इलाज म्हणजे राउटरवर अवाही हा एमडीएनएसचा प्रोग्राम टाक आणि त्याचा रिफ्लेक्टर चालू कर, तो एका नेटवर्कातली हाक दुसऱ्यात पोचवतो. अवाही-डीमनच्या कॉन्फ फाइलमध्ये रिफ्लेक्टरचा भाग आहे, तिथं इनेबल-रिफ्लेक्टरला यस करायचं. त्याच फाइलमध्ये वर अलाउ-इंटरफेसेस आहे, तिथं फक्त १० आणि २० ची नावं लिही, ३० चं चुकून पण नको, नाहीतर दुकानात आलेलं पोरगं तुमच्या घरच्या टीव्हीवर रील लावून जाईल आणि वर आजी घाबरंल.

आणि एक, इथंच निम्मे लोक अडकतात. २० च्या झोनचं इनपुट, म्हणजे तिथनं थेट राउटरकडं येणारं, तू फायरवॉलमध्ये बंद ठेवलं असणार, ठेवायलाच पाहिजे. पण अवाही राउटरवरच चालतंय, त्यामुळं २० मधनं राउटरकडं येणाऱ्या यूडीपी ५३५३ ला वेगळी परवानगी द्यावी लागते. ती दिली नाही तर क्रोमकास्टचं उत्तर दारातच पडतंय आणि आपण रात्रभर अवाहीच्या नावानं बोंबलत बसतो.

उद्यमनगरी
कशाला एवढा उपद्व्याप? गिऱ्हाइकांचं तेवढं वेगळं ठेव, बाकी सगळं एकात घाल. घर आहे की बँक?

नववी_गल्ली
कॅमेरे आहेत दादा त्यात. दुकानाचा हिशोब ज्या लॅपटॉपवर आहे त्याच्या शेजारी, कधी अपडेट न येणारा कॅमेरा नको बसायला. १० कडून २० कडं जायला परवानगी, २० कडून १० कडं बंद. घरातनं सुरू केलेल्या कनेक्शनचं उत्तर फायरवॉल आपोआप आत घेतंय, त्याला उलटा नियम लिहावा लागत नाही. मग अडचण काय राहिली?

शाईवाला
प्रिंटरला तर शोधाशोध लागतच नाही. राउटरमध्ये त्याचा आयपी पक्का करून टाक, डीएचसीपीत (आयपी वाटायच्या सेटिंगमध्ये) मॅक ॲड्रेसवर, म्हणजे प्रिंटरच्या नेटवर्क नंबरवर, बांधायचा. मग विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना यादीची वाट न बघता आयपीनं जोड, बहुतेक प्रिंटर ९१०० नाहीतर ६३१ पोर्टवर ऐकतात. अँड्रॉइडला पण छपाईच्या सेटिंगमध्ये आयपी टाकायची सोय आहे. घोडं अडतंय ते आयफोनला, तिथं नुसता आयपी टाकून प्रिंटर जोडायची साधी सोय नाही, एअरप्रिंटला तो एमडीएनएसनंच सापडायला लागतो. घरात कुणाकडं आयफोन असेल तर वर सांगितलेला रिफ्लेक्टर कर.

गिऱ्हाइकांना मात्र प्रिंटर दाखवू नको हं. आमच्या दुकानात सगळी व्हॉट्सॲपवरच पाठवतात, आम्ही लॅपटॉपवरनं काढून देतो, एकानं कधी तक्रार केली नाही.

पेठेतला_पोरगा
नाद खुळा! ५३५३ चा नियम घातला आणि कास्टचं चिन्ह आलं, यूट्यूब पळायलंय. प्रिंटर पण शाईवाले दादा म्हणाले तसा जोडला. आता दोन गोष्टी राहिल्यात. फोनमध्ये असलेला व्हिडिओ व्हीएलसीमधनं कास्ट करायला गेलं की नुसतं गोल-गोल फिरत बसतंय. आणि टीव्हीच्या डीएलएनएच्या (घरातल्याच डिस्कवरचे सिनेमे टीव्हीवर बघायच्या सोयीच्या) यादीत नॅस काय येईना.

नववी_गल्ली
दोन्हीची कारणं वेगळी आहेत. यूट्यूबला फोन फक्त 'हे लाव' म्हणून सांगतो, व्हिडिओ क्रोमकास्ट स्वतः इंटरनेटवरनं ओढतंय. फोनमधल्या फाइलला मात्र क्रोमकास्टला उलटं फोनकडं यायला लागतंय, आणि तेच आपण बंद केलंय. व्हीएलसी त्यासाठी टीसीपी ८०१० वापरतं. फोनचा आयपी पक्का कर आणि क्रोमकास्टकडून त्या फोनच्या ८०१० ला तेवढी एक फट ठेव, आख्खं दार उघडू नको. फोनवर वायफायचा रँडम मॅक चालू असेल तर घरच्या नेटवर्कपुरता बंद कर, नाहीतर आयपी बदलला की नियम वाया.

डीएलएनए एमडीएनएसवर चालतच नाही, ते एसएसडीपीनं शोधतंय, २३९.२५५.२५५.२५० आणि यूडीपी १९००. अवाही त्याला हात लावत नाही. वेगळे रिले मिळतात, पण खरं सांगू का, त्यांच्या नादाला लागू नको. नॅसच उचलून २० मध्ये टाक. टीव्हीला शेजारीच सापडंल आणि तुझ्या लॅपटॉपला १० मधनं नॅसचा आयपी टाकून सांबानं (फाइल शेअरिंगनं) उघडता येतंयच. फक्त त्यावर दुकानाचा बॅकअप असेल तर थांब, मग तो वेगळ्या डिस्कवर १० मध्येच राहू दे.

पेठेतला_पोरगा
बॅकअप आहे त्यावर! जुनी ५०० जीबीची डिस्क पडून आहे, सिनेमे तिच्यावर टाकून ती राउटरच्या यूएसबीला लावली तर?

नववी_गल्ली
चालंल. राउटरवर मिनीडीएलएनए हा डीएलएनएचा छोटा सर्व्हर टाक आणि ते २० च्याच इंटरफेसवर ऐकू दे. तिथं पण इनपुटमध्ये यूडीपी १९०० आणि टीसीपी ८२०० उघडायला विसरू नको.